चौथ्या दिवशी उघडलेली तिजोरी

कुलूप अडकलं, किल्ली हरवली, कपाट रुसून बसलं, की लोक त्याच्याकडे धावत जायचे आणि पाच मिनिटांत कपाळाला हात लावायचे. कारण हा माणूस आला तरी लगेच हत्यारं काढायचा नाही. कुलपासमोर मांडी घालून बसायचा. हात लावायचा, कान लावायचा, मागे सरकायचा, पुन्हा बसायचा. एका बाईंचं दार असंच लागून गेलं होतं आणि आत चुलीवर दूध होतं. दूध करपल्याचा वास गल्लीभर सुटला तरी हा उंबऱ्याशी बसून विचारत होता, "आत अजून काय काय आहे?" त्या बाईंनी पुढे वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट ऐकवली.

आणि अशा माणसाचं नाव काय, तर आत्ता. मोठी माणसं नुसतं आत्ता म्हणायची, लहान मुलं आत्ताकाका. नव्याने राहायला आलेल्यांना वाटायचं, चेष्टेने ठेवलेलं नाव असणार. पण त्यात चेष्टा नव्हती. तरुणपणी दुकानाच्या दारात कुणी उभं राहून तोंड उघडलं, की हा हातातला चहा खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "आत्ता उघडतो." आणि खरंच उघडायचा. समोरच्याने हरवलेल्या किल्लीची हकिगत सांगून संपवायच्या आत कडी खाली पडलेली असायची. त्याला आपल्या हातांचा गर्व होता, आणि तो गर्व खोटा नव्हता हीच पंचाईत होती.

धंदा त्याने मामाकडून उचलला होता. मामा कमी बोलायचा आणि जे बोलायचा ते पुन्हा सांगायचा नाही. एकदा, हा एकोणीस वर्षांचा असताना, कानशीने किल्ली घासता घासता मामा म्हणाला होता, "आगीतून निघालेली तिजोरी आली तर तासाला एक दिवस द्यायचा. आठ तास आगीत राहिली, आठ दिवस हात लावायचा नाही. बाहेरून गार लागली तरी."

"गार लागली तर मग काय हरकत आहे?"

"पत्रा गार होतो. आतला कागद नाही होत. दार बंद, म्हणून हवा नाही, म्हणून तो नुसता तापून बसलेला असतो. तू दार उघडलंस की हवा जाते आत."

बस, एवढंच. भाच्याने एका कानाने ऐकलं. शहरात मोठी आग त्याने कधी पाहिली नव्हती, आणि जे पाहिलं नाही त्याचे नियम पाठ करत बसायचं वय ते नव्हतं. मामा पुढे चार वर्षांनी गेला. दुकान भाच्याकडे आलं.

तो चौतीस वर्षांचा असताना शहर जळालं. दोर आणि लाखेच्या एका गुदामात दुपारी ठिणगी पडली. वारा होता, उन्हाळा होता, आणि घरं लाकडाची, एकाच्या भिंतीला दुसऱ्याची भिंत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत शहराचे दोन भाग गेले आणि एक उरला. त्याची गल्ली गेलेल्या भागात होती. बायको, तीन वर्षांची मुलगी आणि हत्यारांची पिशवी घेऊन तो नदीकाठी पोचला. माणसं वाचली म्हणून सगळे एकमेकांना सांगत होते की माणसं वाचली ना, बाकी सगळं पुन्हा होतं. पहिले दोन दिवस हे वाक्य सगळ्यांनी सगळ्यांना ऐकवलं. तिसऱ्या दिवशी राख निवायला लागली, लोक आपापल्या जागेवर परतले, आणि मग कुणालाच ते वाक्य आठवेना. कारण आपली जागा कुठली तेच कळत नव्हतं. भिंती नव्हत्या, कोपरे नव्हते. गुडघाभर राखेत उभं राहून नवरा म्हणायचा, इथे आपली चूल होती, आणि बायको म्हणायची, अहो ही तर शेजाऱ्यांची मोरी.

म्हणून सगळ्यांचे डोळे लागले होते ते विभाग कचेरीच्या तिजोरीकडे. कचेरी पडली होती, पण तिजोरी ढिगाऱ्यात उभी होती, काळीठिक्कर, वाकडी न झालेली. आत घरांच्या नोंदींच्या वह्या होत्या आणि गल्ल्यांचे नकाशे होते. मुख्य कचेरीतली दुसरी प्रत जळून गेली होती, त्यामुळे कुणाचं काय, हे सांगणारं शहराच्या त्या भागात एवढंच उरलं होतं. कचेरीचा दप्तरदार चार महिन्यांपूर्वीच बदलून आला होता. आग दारात आली तेव्हा त्या नवख्या माणसाने एकेक वही आत टाकून दार लावलं होतं, आणि तापलेली कडी ओढताना दोन्ही हात भाजून घेतले होते. तिजोरी साधारण नऊ तास आगीत होती. नऊ दिवस हात लावायचा नव्हता. आत्ताला बोलावलं तो चौथा दिवस होता.

सकाळी शे-दीडशे माणसं जमली होती. विभागाचे प्रमुख होते, दुसऱ्या दिवशी पुनर्बांधणी समितीची पहिली बैठक असल्याने त्यांना कागद हवे होते. दप्तरदार हातांना फडकी गुंडाळून उभा होता. आत्ता राहायचा त्या गल्लीतले लाकूडवाला आणि पाववाला होते. आणि काजवाली होती.

काजवाली म्हणजे काजं करणारी. शहरातले तीन शिंपी कोट शिवून तिच्याकडे पाठवायचे आणि ती नुसती काजं करून परत द्यायची. नवरा लग्नानंतर पाच वर्षांत गेला होता. एक मुलगी. लाकूडवाल्याची वखार आणि पाववाल्याची भट्टी यांच्या मधोमध तिचं घर, इतकं अरुंद की पाहुणा आला तर घरातल्याने आधी मागे सरकायचं आणि मग पाहुण्याने आत यायचं. आत्ता समोरच राहायचा. तिच्या नवऱ्याचा दोस्त, म्हणून तो तिला वहिनी म्हणायचा आणि ती त्याला भाऊ म्हणायची.

त्याने तिजोरीला हात लावला. गार होती. बंबवाल्यांनी दोन दिवस तिच्यावर पाणी मारलं होतं. मामाचं बोलणं त्याला आठवलं, अगदी शब्द न् शब्द आठवलं. पुढे बावीस वर्षं तो स्वतःला सांगायचा प्रयत्न करत होता की त्या वेळी आठवलं नव्हतं, पण ते खरं नव्हतं.

"अजून चार-पाच दिवस थांबलं तर बरं," तो म्हणाला.

प्रमुखांच्या कपाळावर आठ्या पडल्या. दप्तरदार म्हणाला, "थांबायचं तर थांबू. मी आठवडाभरही थांबेन." पण मागून कुणीतरी बोललं, "काय रे आत्ता, आज जमत नाही का?" लोक हसले. चार दिवसांत पहिल्यांदाच हसले असतील बिचारे. त्या हसण्याने त्याचे कान तापले. काजवाली पुढे आली, तिने पत्र्यावर तळवा टेकवला आणि म्हणाली, "गार आहे की, भाऊ. मला तरी गार लागतंय." ती काही घाई करत नव्हती. त्याला मदत करायला बोलली होती.

"आत्ता उघडतो," तो म्हणाला.

त्याला अकरा मिनिटं लागली. आगीत राहिलेल्या कुलपाला अकरा मिनिटं, हे कौतुक त्याही क्षणी त्याच्या मनात येऊन गेलं. त्याने दार स्वतःकडे ओढलं. दार जाड, त्यामुळे आत पाहणारा तो एकटाच होता.

सगळं शाबूत होतं. वह्या कडांना तपकिरी झाल्या होत्या, बाकी जशाच्या तशा. पुढ्यात नकाशांचं मोठं बाड उघडं होतं, त्याच्याच गल्लीच्या पानावर, कारण त्या आठवड्यात तिथे गटाराचं काम निघालं होतं. नकाशात घरं पिवळ्या रंगात असत आणि बोळ, रस्ते पांढरे सोडलेले असत. वखारीचा मोठा पिवळा चौकोन, भट्टीचा दुसरा चौकोन, आणि मध्ये बोटभर रुंदीची पट्टी. पिवळी. तिच्यावर बारीक अक्षरांत एक जुनं नाव खोडून वर लाल शाईत वहिनींचं नाव लिहिलेलं. त्याने ते वाचलं. वाचून त्याच्या तोंडावर हसू आलं, की चला, वहिनींचं घर सापडलं. तेवढ्यात आतून उसासा टाकल्यासारखा आवाज झाला आणि सगळं एकदम पेटलं.

तो मागे पडला तेव्हा भुवया गेल्या होत्या. लोक माती-पाणी घेऊन पोचेपर्यंत बाड आणि वह्या संपल्या होत्या, आत नुसती राख दिसत होती. दप्तरदार गुडघ्यांवर बसला होता. त्याने विचारलं, "आत होतं का काही? चांगलं होतं का?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. शे-दीडशे माणसं बघत होती, राखेत उभी, पायांना फोड आलेली.

"नाही," तो म्हणाला. "आधीच राख झाली होती. वरची चार पानं उरली होती, ती पेटली."

कुणीतरी म्हणालं, लवकर उघडली की काय याने. तेव्हा काजवालीच पुढे झाली. "मी हात लावून पाहिला होता," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "लोखंड गार होतं. भाऊंची काही चूक नाही. ती तिजोरीच कुचकामी." तिच्या शब्दाला किंमत होती, कारण ती कधी कुणाची बाजू घ्यायला पुढे यायची नाही. लोक गप्प बसले.

नदीकाठच्या तंबूत बायकोने त्याच्या कपाळाला तेल लावलं. लावता लावता ती म्हणाली, "चार पानांच्या जाळाने भुवया जात नाहीत." रोज चूल पेटवणारी बाई होती ती. समितीत एकानेही कधी चूल पेटवली नसल्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

"सांगणार ना सगळ्यांना?" तिने विचारलं.

"सांगतो."

"कधी?"

"आत्ता नको," तो म्हणाला.

शहर उभं राहायला लागलं आणि खरं सांगायचं तर ते दिवस वाईट नव्हते. माणसं राखेतून खिळे वेचायची. बायका दगडावर ठोकून ते सरळ करायच्या. सकाळी गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी ठक ठक ऐकू यायचं. भाजून पक्क्या झालेल्या विटा एका बाजूला, फुटलेल्या दुसऱ्या बाजूला. हातोहात विटा देणाऱ्यांची रांग लागायची आणि रांगेत वर्षानुवर्षं अबोला धरलेले भाऊ शेजारी आले तरी वीट खाली टाकता यायची नाही. नवे नियम निघाले: लाकडाची भिंत नको, दोन घरांमधली भिंत छपराच्या वर हातभर न्यायची, रस्ता रुंद सोडायचा. आणि ज्याला आपली जागा सांगायची आहे त्याने समितीपुढे यावं, रुंदी सांगावी, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी हो म्हणावं. वहीच नाही म्हटल्यावर दुसरं काय करणार.

इथे माणसाचा स्वभाव आडवा आला. एकही घर आगीत आकसलं नव्हतं. उलट सगळी वाढली होती. कुणाची ओसरी हातभर, कुणाचं न्हाणीघर दीड हात. सगळे सभ्य, सगळे सज्जन, आणि सगळ्यांना आपलं घर जरा मोठंच आठवत होतं. त्यांच्या गल्लीत सगळ्यांनी सांगितलेल्या रुंद्यांची बेरीज झाली तेव्हा गल्ली होती त्याहून चोवीस हात लांब निघाली. समितीचे प्रमुख म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बेरीज पुन्हा केली. मग कुणीतरी कमी होणं भाग होतं, आणि जी सगळ्यांत बारीक होती ती कमी झाली.

लाकूडवाला अदबीने उभा राहिला. "ते घर नव्हतंच, साहेब. आमच्या दोघांमधला बोळ होता तो. यांच्या सासूला, त्या म्हातारीला आसरा नव्हता म्हणून आमच्या वडिलांनी वर छप्पर टाकू दिलं." पाववाल्याने खाली बघत मान हलवली.

"तुमचं घर किती रुंद होतं?" हेडमास्तरांनी काजवालीला विचारलं.

तिने दोन्ही हात पसरले. "एवढं. बोटं दोन्हीकडे भिंतीला लागायची." लोक हसले. ती हात तसेच पसरून उभी राहिली.

"कागद?"

"सासूबाईंनी माझ्या नावावर करून दिलं होतं. जायच्या आधी दोन महिने त्यांना उचलून गाडीत बसवून नेलं होतं कचेरीत. वहीत चढवलं, असं त्यांनी स्वतः मला सांगितलं."

"तुम्ही वाचलं होतं?"

"मला वाचता येत नाही."

"म्हातारी बोलायला गोड होती," लाकूडवाला हळूच म्हणाला. "सुनेने शेवटपर्यंत सेवा करावी म्हणून सांगितलं असेल काहीतरी."

दप्तरदाराला विचारलं. त्याच्या हातांना अजून फडकी होती. "चारशेवर घरं आहेत विभागात," तो म्हणाला. "मला ते पान आठवत नाही. आठवत नसताना हो कसं म्हणू?" तो प्रामाणिक होता, आणि त्या दिवशी त्याच्या प्रामाणिकपणाचा कुणालाच उपयोग नव्हता.

मग काजवाली म्हणाली, "भाऊंना विचारा."

आत्ता उभा राहिला. आपण समोर राहत होतो, वहिनी वर्षानुवर्षं तिथेच होत्या, दाराला कुलूप मीच बसवलं होतं, हे त्याने सांगितलं.

"कुलूप बोळालाही बसवता येतं," हेडमास्तर म्हणाले. ते दुष्टपणाने म्हणाले नाहीत. "राहण्याबद्दल वाद नाही. जागा त्यांची होती हे दाखवणारं काही तुम्ही पाहिलंय का? कुठलाही कागद? आठवून सांगा."

त्याला ती पट्टी दिसत होती. पिवळी, लाल शाई, खोडलेलं नाव. पाहिली म्हणावं, तर कुठे पाहिली ते सांगावं लागणार. तिजोरीत पाहिली म्हणावं, तर मग आधीच राख झाली होती ते काय होतं? चारशे घरांचे कागद मी माझ्या हाताने जाळले, हे त्या खोलीत, त्या माणसांसमोर, त्याच वेळी बोलावं लागलं असतं. काजवाली त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. भाऊ उभे राहिलेत म्हटल्यावर ती निर्धास्त होती.

"नाही," तो म्हणाला. "बाकी काही नाही."

निर्णय लागला. पुढच्या वर्षी वखारीची आणि भट्टीची भिंत एक झाली आणि मधल्या जागेत लाकूडवाल्याच्या नव्या विटांच्या इमारतीचा जिना आला. काजवाली मुलीला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायला गेली. त्याने जाऊन तिच्या दाराला कुलूप बसवून दिलं, धंद्यातलं सर्वात चांगलं, सहा पट्ट्यांचं. ती इतके आभार मानत राहिली की तो चहाही न घेता निघाला.

त्याचा धंदा मात्र असा चालला की विचारू नका. नवं शहर म्हणजे नवी दारं, आणि दार म्हटलं की कुलूप आलंच. दहा वर्षांत त्या भागात असा जिना उरला नाही जिथे त्याच्या हातचं कुलूप नव्हतं. घर झालं, मुलीचं लग्न झालं. पण काही उघडायचं म्हटलं की त्याचा हात थांबायला लागला. आधी क्षणभर, मग मिनिटभर, मग लोकांच्या लक्षात येण्याइतका. दप्तरदाराची बदली झाली, हेडमास्तर वारले, पाववाल्याने भट्टी विकली. त्या जिन्यावरून जाताना सुरुवातीची काही वर्षं बायको विचारायची, "सांगितलंत?" मग तिने विचारणं सोडलं. त्याला वाटलं होतं, तिने विचारणं सोडलं की सुटल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

काजवाली वर्षातून दोनदा त्याच्या दुकानात यायची. त्याच्या कोटाचं काज उसवलेलं दिसलं की तिथेच कोट काढायला लावायची आणि उभ्या उभ्या घालून द्यायची. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, वहिनी, एक बोलायचं होतं. ती म्हणायची, बोला. मग तो मुलीची चौकशी करायचा.

बावीस वर्षांनी तिचा निरोप आला. नजर अधू झाली, काजं जमेनात, दुसऱ्या गावी मुलीकडे कायमची राहायला निघाले आहे. कुलूप तुमचं आहे, येऊन काढून घेऊन जा. त्याने पिशवी उचलली. आता पुढची खेप नव्हती. वाटेत तो मनात वाक्यं जुळवत राहिला. ती रागावली तर काय बोलायचं, रडली तर काय, माफ केलं तर काय, या सगळ्याची त्याने तयारी केली होती. ही तयारी त्याची बावीस वर्षांची होती.

खोलीत ऊन आलं होतं. पेटी अर्धी भरली होती, दोऱ्याची रिळं जमिनीवर ओळीने मांडली होती. तो दारापाशी कुलपासमोर बसला.

"बसलात?" ती हसली. "मग आता अर्धा तास गेला म्हणायचा."

"वहिनी, त्या तिजोरीत राख नव्हती," तो म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं. मामाचा नियम, नऊ तास, चौथा दिवस. ती मध्ये एवढंच म्हणाली, "पण गार होती ती. मी हात लावला होता."

"बाहेरून गार होती. आत गरम असते, हे मला माहीत होतं. तुम्ही माझी बाजू घेतलीत तेव्हाही माहीत होतं." मग त्याने नकाशाचं सांगितलं. पिवळी पट्टी, बोटभर रुंद.

"पिवळी म्हणजे?"

"पिवळी म्हणजे घर. बोळ पांढरा असतो."

"आणि नाव?"

"जुनं खोडून वर तुमचं. लाल शाईत. मी वाचलं."

ती पेटीच्या कडेवर बसली. तो वाट बघत राहिला. आपण आजही कचेरीत जाऊन शपथेवर लिहून द्यायला तयार आहोत, असं तो म्हणाला. तिने ते ऐकलंच नसावं.

"म्हणजे सासूबाईंनी केलं होतं माझ्या नावावर," ती म्हणाली.

"केलं होतं."

"तीन वर्षं अंथरुणात होत्या. सगळं मी करत होते. समितीतून त्या दिवशी घरी आले ना, भाऊ, तर त्यांच्या नावाने बोटं मोडली. म्हटलं, बरोबर बोलला तो लाकूडवाला, म्हातारीने घराच्या आशेवर राबवून घेतलं मला. पोरीलाही तेच सांगितलं. लहान होती, तिचा आजीवर जीव." एक रीळ उचलून तिने पेटीत ठेवलं आणि पुन्हा बाहेर काढलं. "तिला मुलगी झाली तेव्हा आजीचं नाव ठेवायचं म्हणून हट्ट धरून बसली होती. मी ठेवू दिलं नाही. खोटारड्या बाईचं नाव माझ्या नातीला नको म्हटलं. भर बारशात म्हटलं. चौदा वर्षांची झाली ती आता."

त्याच्या सगळ्या तयारीत हे कुठेच नव्हतं. घर, जिना, कागद, समिती, एवढ्याचाच हिशेब तो इतकी वर्षं करत आला होता. त्या म्हातारीची त्याला एकदाही आठवण झाली नव्हती.

"वहिनी, मला माफ करा," तो म्हणाला.

तिने हातातलं रीळ पेटीत ठेवलं.

"घराचं मी तेव्हाच रडून घेतलं," ती म्हणाली. "माझं काही राहिलं नाही. माफी मागायची तर सासूबाईंची मागा."